वाचलं ९८, लिहिलं १००

सर, तुमचा प्रश्न वाचला. जत तालुक्यातली सातवीपर्यंतची शाळा, पाचवी ते सातवीचं विज्ञान तुमच्याकडे, सहावीच्या वर्गात ३४ मुलं, प्रयोगशाळा नाही, साहित्याची पेटी कपाटात कुलपात, आणि तुम्हाला रुजू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. कमी साहित्यात मुलांच्या हातून प्रयोग कसे करून घ्यायचे, गोंधळ कसा आवरायचा, पोर्शन कसा पुरा करायचा, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखी एक ओळ आहे : "प्रयोग फसला तर वहीत काय लिहून घ्यायचं?"

मी याच जिल्ह्यात सव्वीस वर्षं शिकवतेय. आधी पलूसकडे, मधली चार वर्षं तुमच्या जतकडे, आता तासगाव तालुक्यात. मला तुमची ती शेवटची ओळ बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठी वाटते. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी सातवीला पाणी उकळण्याचा प्रयोग घेतला होता. रॉकेलचा स्टोव्ह, पातेलं, आणि पेटीतला लांब थर्मामीटर. मुलं पाळीपाळीनं वाकून आकडा सांगत होती, एक जण फळ्यावर लिहीत होता. ८५, ९१, ९५, ९७. पाण्याला खळाखळा उकळी आली आणि पारा ९८ वर थांबला. "बाई, पुढं सरकंना." मी म्हटलं, थांबा अजून. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. पाणी आटत आलं, थर्मामीटर तिथंच. तास संपत आला होता. मी फळ्यावर लिहिलं, "निष्कर्ष : पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते." सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. एका मुलीनं वहीत ९८ लिहिलं होतं. मी लाल पेनानं तो आकडा खोडला. तिनं काही न बोलता वर १०० लिहिलं आणि वही मिटली.

चूक थर्मामीटरची नव्हती, मुलीचीही नव्हती. पाणी १०० अंशाला उकळतं ते समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला. आपला सांगलीचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू जवळपास एक अंशानं खाली येतो. म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ च्या आसपासच उकळायला हवं. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच उकळेल. हे मला दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत बोलता बोलता उलगडलं. तोवर ती मुलगी हायस्कूलला गेली होती, तिला सांगायचं राहून गेलं. त्या तासाला तिच्या हाताला काम होतं, डोळ्यांनी तिनं नीट वाचलं होतं. पण आपण वाचलेल्या आकड्याला काही किंमत नसते, हे मी तिला लाल पेनानं शिकवलं होतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे : आधी वाचलं ते लिहायचं, मग पुस्तक उघडायचं. वहीत दोन रकाने. डावीकडे "आमचा आकडा", उजवीकडे "पुस्तकातला". खाली एक ओळ : "फरक का असेल?" ती ओळ कोरी राहिली तरी चालते. खाडाखोड करून डावा रकाना उजव्यासारखा केलेला मात्र मला चालत नाही. आणि तुम्हीही कधी करून घेऊ नका, हे कळकळीनं सांगते.

याला उत्तरादाखल लगेच म्हटलं जातं की मुलांचे आकडे चुकलेलेही असतात. असतातच. थर्मामीटरचा फुगा पातेल्याच्या तळाला टेकवला तर आकडा जास्त येणार. नऊ गटांच्या नऊ थर्मामीटरांमध्ये एक-दोन अंशांचा फरक असणार. मग नऊही आकडे फळ्यावर लिहा. ९७, ९८, ९८, ९९, ९८, ९७... आणि एखाद्या गटाचा १०३. मुलंच त्या १०३ कडं बघतात आणि विचारतात, "तुमी बुडाला टेकिवलं हुतं काय रं?" चूक सापडली ती गटागटांच्या बोलण्यातून. मी लाल पेन उघडलंसुद्धा नाही.

होशंगाबादमध्ये, मध्य प्रदेशात, १९७२ साली १६ शाळांपासून विज्ञान शिक्षणाचं एक मोठं काम सुरू झालं होतं. पुढं ते शेकडो सरकारी शाळांत गेलं आणि २००२ पर्यंत चाललं. तिथं मुलं चौघांच्या गटात प्रयोग करायची, स्वतःची निरीक्षणं स्वतः लिहायची आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसायची. प्रात्यक्षिकाचीही परीक्षा व्हायची. साध्या खेड्यातल्या, साध्या शिक्षकांच्या शाळांत हे तीस वर्षं चाललं, एवढं आपल्याला पुरे आहे.

आता साहित्य. तुम्ही जतला आहात म्हणून कदाचित हळद रोजच्या नजरेत नसेल, पण तालुका सोडून सांगलीकडं आलात की हळकुंडाचा वास येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि ही हळद म्हणजे आम्ल-आम्लारी ओळखायचं तयार दर्शक आहे, लिटमसची बाटली संपली म्हणून अडून राहायची गरजच नाही.

हळदीचा कागद असा करा. दोन चमचे हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा. पाण्यातही जमतं, पण हळदीतला रंग पाण्यात नीट विरघळत नाही, कागदावर कण राहतात. स्पिरिटमध्ये छान उतरतो. जवळपास काडी, निरांजन, स्टोव्ह काही नको. ड्रॉइंगचा कागद किंवा छापलेलं नसलेला वर्तमानपत्राचा काठ त्यात बुडवून सावलीत वाळवा, बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा. उन्हात ठेवलं की रंग उडतो. मुलांच्या आयांना हे आपल्याआधीपासून माहीत आहे, हळदीचा डाग घालवायला त्या कपडा उन्हातच टाकतात.

मग मुलांना सांगा, घरून बाटलीच्या टोपणात एकेक वस्तू आणा. माझ्याकडं काय काय येतं : साबणाचं पाणी, चुलीतल्या राखेचं पाणी, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, पानाचा चुना, टूथपेस्ट, शाम्पू, लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, मीठ, साखर, बोअरचं पाणी. पट्टी बुडवण्याआधी प्रत्येक गटानं अंदाज लिहायचा, बदलेल की नाही. हा अंदाज लिहिल्याशिवाय पट्टी देऊ नका. अंदाज लिहिला की मुलगा त्या टोपणात स्वतःचं काहीतरी पणाला लावून बघतो. नाहीतर तो नुसता रंग बघतो आणि पुढच्या टोपणाकडं जातो.

साबण, राख, चुना, धुण्याचा सोडा यांत पट्टी लालसर विटकरी होते. वर्गात त्या वेळी जो आवाज होतो त्याला मी गोंधळ म्हणत नाही. लिंबू, चिंच, ताक यांत काहीच होत नाही, पिवळी ती पिवळीच. लाल झालेल्या डागावर लिंबू पिळलं की परत पिवळा. खरी मजा खाण्याच्या सोड्याला येते. एक गट म्हणतो लाल, दुसरा म्हणतो पिवळाच, तिसरा म्हणतो केशरी. तिन्ही गट आपापल्या जागी बरोबर असतात, कारण खाण्याचा सोडा अगदी सौम्य आम्लारी आहे आणि हळदीचा रंग जिथं बदलायला लागतो त्याच सीमेवर तो येतो. मी अशा वेळी निर्णय देत नाही. सगळ्या पट्ट्या वाळल्यावर कमी लाल ते जास्त लाल अशा ओळीनं चिकटवायला लावते. दहा मिनिटांत मुलांच्या लक्षात येतं की नुसतं लाल की पिवळं एवढंच नाही, किती लाल हेही आहे. पुढं वरच्या वर्गात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारी किती तीव्र ते सांगणारा आकडा) शिकताना याच ओळीचा उपयोग होणार आहे, पण ते त्यांना आत्ता सांगायची घाई नको.

एका वर्षी पाठीमागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी वहीत काही लिहायचाच नाही, दोन पट्ट्या घेऊन टेबलापाशी आला. एक पाण्यातली, एक लिंबाची. म्हणाला, "बाई, दोनी सारखंच. मग हळदीला लिंबू कळतच न्हाई की." सव्वीस वर्षांत माझ्या वर्गात बोललेल्या वाक्यांत मला सगळ्यात आवडलेलं ते वाक्य आहे. हळदीला आम्लारी कळतो, आम्ल कळत नाही. उदासीन पाणी आणि आम्ल यांत ती फरक करू शकत नाही. साधनाची मर्यादा त्यानं स्वतः शोधली होती. मी फक्त विचारलं, मग लिंबू कळेल असं दुसरं काय असेल? त्या आठवड्यात वर्गात जे फूल सापडेल ते चेचून झालं. झेंडूनं काही केलं नाही. जास्वंदीनं केलं. पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करल्या की निघणारं पाणी लिंबानं गडद गुलाबी होतं आणि साबणानं, सोड्यानं हिरवट. ज्या मुलाला फूल सापडलं त्याच्या घरी अंगणात जास्वंद होती एवढंच, पण पुढं महिनाभर ती "त्याची" जास्वंद होती.

आणि कुंकवाचं विसरू नका. पारंपरिक कुंकू हळदीला चुना किंवा तसलंच काही आम्लारी लावून करतात, म्हणजे हीच क्रिया. एखाद्या मुलाची आजी ते करताना बघितलेली असेल तर तिला वर्गात बोलवा. माझ्याकडं एक आजी आली होती, मुलांनी तिला पट्ट्यांची ओळ दाखवली आणि तिनं बोट ठेवून सांगितलं, "ह्यो चुना लई झाला." ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती.

हळदीवर मी फार वेळ घालवला, पण मुद्दाम. साहित्य म्हणजे पेटी नाही, हे तुम्हाला पटावं म्हणून. पेटीचं कुलूप मात्र उघडाच. मुख्याध्यापकांना भीती असते ती फुटतूट होण्याची आणि साठा नोंदवहीची. फुटलेल्या वस्तूची नोंद करून ठराव घालता येतो. वापरून फुटलेली परीक्षानळी ही कपाटात धूळ खाणाऱ्या परीक्षानळीपेक्षा केव्हाही चांगली, असं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्पष्ट बोला. पालक तुमच्या बाजूनं असतात.

पेटीतल्या वस्तूंबद्दल एक सावधगिरी. पुष्कळ वस्तू इतक्या तयार असतात की त्यातलं विज्ञान झाकलं जातं. बल्ब होल्डरचंच बघा. होल्डरमध्ये बल्ब बसवला, दोन वायरी लावल्या, पेटला. मुलाला कळलं काय? त्याऐवजी दोघांत मिळून एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि वायरीचा एकच तुकडा द्या. होल्डर नाही, दुसरी वायर नाही. पेटवा म्हणावं. पंधरा-वीस मिनिटं कुणाचाच पेटत नाही. मुलं बल्बचं बूड सेलला टेकवतात, वायर सेलच्या दुसऱ्या टोकापासून परत बल्बच्या बुडालाच लावतात. मग कुणीतरी वायर बल्बच्या कडेच्या पत्र्याला लावतं आणि उजेड पडतो. बल्बला दोन जागा असतात, बुडाचा टिपका आणि कडेचा पत्रा, हे त्या मुलानं बोटांनी शिकलेलं असतं. पेटलेल्या आणि न पेटलेल्या सगळ्या जोडण्यांची चित्रं काढून घ्या. परिपथ म्हणजे काय हे मला त्यानंतर कधी समजावून सांगावं लागलेलं नाही. फक्त वायरीची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना थेट जोडून धरली तर वायर तापते, बोट भाजतं. ते आधी सांगा.

अरविंद गुप्ता यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचं जे काम केलं त्याला तोड नाही, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट आहेत. मी त्यातलं खूप वापरलंय. पण खेळणं करून झालं की तास संपला असं होऊ देऊ नका. भिरभिरं फिरलं. आता पंख लहान केले तर? कागद जाड घेतला तर? उलटे दुमडले तर कुठल्या दिशेला फिरेल? इथं अंदाज, मोजणी आणि वही सुरू होते. नाहीतर ते कार्यानुभव होतं, विज्ञान नाही. विज्ञान प्रदर्शनातल्या ज्वालामुखीबद्दलही माझं हेच मत आहे. २८ फेब्रुवारीला रामन परिणामाच्या शोधाच्या आठवणीत आपण विज्ञान दिन साजरा करतो आणि टेबलावर वडिलांनी रंगवलेला, सोडा आणि व्हिनेगरनं फसफसणारा डोंगर मांडतो. त्यापेक्षा मुलांनी महिनाभर मोजलेल्या पावसाचा तक्ता मला जास्त मोलाचा वाटतो.

काही प्रयोग तर गोड दिसतात आणि चुकीचं शिकवतात. मेणबत्तीचा घ्या. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं, आणि आपण सांगतो की हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून संपला म्हणून तेवढं पाणी वर आलं. मीही कितीतरी वर्षं हेच सांगितलं. एकदा सहावीतल्या मुलांनी एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्त चढलं. ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. मग पाणी जास्त का? मुलं माझ्याकडं बघत राहिली. मग आम्ही परत परत करून नीट बघितलं. ग्लास उपडा करताना कडेनं बुडबुडे बाहेर येतात. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढत नाही, विझल्यावर भर्रकन चढतं. म्हणजे गरम होऊन फुगलेली हवा बाहेर गेली, विझल्यावर आतली हवा गार होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेनं पाणी आत ढकललं, हे मोठं कारण. मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो आणि जळून झालेला कार्बन डायऑक्साइडही जागा व्यापतोच.

एक पंचमांश खरंच दाखवायचा असेल तर लोखंडाच्या गंजावर दाखवा. परीक्षानळी आतून ओली करून त्यात लोखंडाचा बारीक कीस शिंपडा, तो भिंतीला चिकटतो. मग नळी पाण्याच्या वाटीत उपडी उभी करा आणि पट्टीनं रोज पाण्याची पातळी मोजा. तीन-चार दिवसांत पाणी हळूहळू चढतं आणि नळीच्या एक पंचमांशाच्या आसपास थांबतं. पलूस-किर्लोस्करवाडीकडं मी होते तेव्हा लेथवर काम करणारे पालक बिडाचा कीस पुडी बांधून द्यायचे. कीस तेलकट असेल तर साबणानं धुऊन घ्या. भांडी घासायची तारेची घासणी वापरू नका, ती बहुधा न गंजणाऱ्या स्टीलची असते आणि तुम्ही आठवडाभर वाट बघत बसाल.

गोंधळाबद्दल थोडक्यात. ३४ मुलांचे नऊ गट करा, सात गट चौघांचे आणि दोन तिघांचे. पाच जणांचा गट केला की पाचवा खिडकीतून बाहेर बघतो. प्रत्येक गटाला वस्तू एका ताटलीत मोजून द्या आणि ताटली मोजून परत घ्या. लिहिणारा आणि हाताळणारा दर तासाला बदला. मुली कायम लिहिणार आणि मुलगे कायम हाताळणार, असं आपोआप व्हायला लागतं, तिकडं डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. आवाज होईल. बाजूच्या वर्गाला त्रास होत असेल तर व्हरांड्यात किंवा झाडाखाली न्या.

पोर्शनचं म्हणाल तर प्रत्येक पाठातल्या प्रत्येक कृतीला तास देणं शक्य नाही, आणि गरजही नाही. सत्रात चार-पाच प्रयोग असे निवडा की ज्यांना दोन-दोन, तीन-तीन तास द्यायचे. बाकीचे पाठ वाचून, बोलून, चित्रं काढून पुढं न्या. आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक-प्रयोग हे साधन आहेच, त्याचे गुण या तासांतूनच द्या, वेगळी चाचणी घेऊ नका. एकाच वेळी दोन वर्ग सांभाळायचे असतील तर एकच प्रयोग दोघांना द्या : पाचवीनं मोजायचं, सातवीनं कारण शोधायचं. बेदाणा पाण्यात आणि साखरेच्या घट्ट पाकात ठेवायचा प्रयोग यासाठी उत्तम. पाचवीची मुलं किती फुगला ते मोजतात. सातवीची मुलं पाकात तो का फुगला नाही यावर डोकं लढवतात. प्रयोगातले बेदाणे खायचे नाहीत, खायचे वेगळे ठेवा.

धोक्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण यात माझी तडजोड नाही. पानाचा चुना टोपणात वाटाण्याएवढाच द्या, आणि तो हाताळताना कुणीही डोळ्याला हात लावायचा नाही. डोळ्यात गेलाच तर लगेच वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना. कळीचा चुना वर्गात आणूच नका, पाणी लागलं की तो भाजतो. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकायचा प्रयोग पाचवीला देऊ नका, लहान मुलं फुंकता फुंकता ओढतात. पाऱ्याचा थर्मामीटर पेटीत असेल तर तो बाजूला ठेवा आणि लाल अल्कोहोलचे घ्या, ११० अंशांपर्यंतचे. मी तेव्हा वापरलेला पाऱ्याचा होता, आज वापरणार नाही. तापाचा थर्मामीटर गरम पाण्यात घातला की फुटतो, मुलं घरी जाऊन हमखास करून बघतात, म्हणून आधीच सांगा. स्टोव्हपाशी फक्त तुम्ही. भिंतीतल्या प्लगचा प्रयोग कोणताही नाही, सगळं सेलवर. इंजेक्शनच्या सिरिंज वापरायच्या तर औषधाच्या दुकानातून नव्या आणा, सुई दुकानातच काढून टाका. दवाखान्यातून वापरलेल्या मागू नका. भिंगातून किंवा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं बघायचं नाही, हे दर वेळी, दर वर्षी, नव्यानं सांगा.

आता तुम्ही कुठून सुरुवात करावी. मला विचाराल तर सावलीच्या काठीपासून. खर्च शून्य, धोका नाही, पटांगण पुरतं, आणि मुलांचा आकडा पुस्तकी समजुतीला पहिल्याच दिवशी धडकतो.

मीटरभर सरळ काठी सपाट जागी ओळंब्यानं उभी रोवा. आपल्याकडं पूर्वी हिला शंकू म्हणत आणि दिशा ठरवायला वापरत. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि लांबी मोजायची. सगळ्यांचा अंदाज एकच असतो : बरोबर बारा वाजता सावली सगळ्यात लहान. माझ्याकडं जानेवारीच्या शेवटी हा प्रयोग केला तेव्हा बारा वाजले आणि मुलं म्हणाली, "बाई, खरं ही अजून कमीच हुत चाललीया." साडेबाराला अजून कमी. पावणेएकच्या सुमाराला थांबली आणि मग वाढायला लागली. मला कारण माहीत होतं, तरी मी त्या दिवशी सांगितलं नाही. "आमचा आकडा" मध्ये पावणेएक लिहून घेतलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी एकानं शाळेचं घड्याळ पुढं आहे असं सांगितलं, दुसऱ्यानं रेडिओशी जुळवून ते खोटं ठरवलं.

कारण असं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेनं चालतं, ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. सांगली त्याच्या जवळपास आठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या माथ्यावरच्या रेषेत अर्ध्या तासानं उशिरा येतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळं वर्षभरात सूर्याची वेळ घड्याळाच्या पाव तास मागंपुढं होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लहानात लहान सावली पावणेएकला पडते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारालाच. म्हणून हा प्रयोग वर्षात दोनदा करा. दुसऱ्यांदा मुलं म्हणतात, "मागल्या बारीला चुकलं हुतं आपलं." मग जुन्या वह्या काढायच्या.

एक अडचण येईल ती आधीच सांगते. दुपारच्या आसपास सावली फार सावकाश बदलते, दहा मिनिटांत दोन-तीन मिलिमीटर, त्यामुळं गटागटांचे आकडे साडेबारा ते एकपर्यंत विखुरतात. जास्त नेमकं हवं असेल तर काठीभोवती सुतळीनं एक वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना टेकतं ती वेळ लिहा, दुपारी बाहेर जाताना टेकतं ती लिहा, दोन्हींची मधली वेळ काढा. सव्वाअकरा आणि सव्वादोन आले तर मध्य पावणेएक. त्या दोन खुणा जोडणारी रेघ बरोबर पूर्व-पश्चिम असते.

पाऊस उघडला की तुमच्या पटांगणात हे करा. मीही त्याच दिवशी माझ्या सहावीला काठी रोवायला लावते, दिवस तुम्ही ठरवून कळवा. जत आमच्यापासून पूर्वेला आहे, तुमचा मध्यान्ह आमच्यापेक्षा अडीच-एक मिनिटं आधी यायला हवा. वर्तुळाच्या रीतीनं तो फरक मुलांना सापडतो का ते बघू. नऊही गटांच्या वेळा पाठवा, जशा आल्या तशाच, सरासरी काढू नका.